ऑक्टोबरचा ताप

आमचे एक स्नेही पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात आणि रात्री घरी डिकंपायलर सांभाळतात. यातला पूर्वार्ध नातेवाइकांना कळतो. उत्तरार्धाबद्दल घरात बरेच तर्कवितर्क आहेत. एका मुंजीत त्यांच्या मावशींनी पानावर बसल्याबसल्या सरळच विचारलं, "नोकरीचं कळलं रे, पण रात्री जागून नक्की काय करतोस?"

"मावशी, माणूस प्रोग्रॅम लिहितो. कॉम्प्युटर तो आपल्या सोयीच्या आकड्यांत बदलून ठेवतो. मी त्या आकड्यांवरून मूळ प्रोग्रॅम काय होता ते शोधतो आणि परत लिहून देतो."

"म्हणजे आधी तो कुणीतरी लिहिलेला असतो?"

"हो."

"मग त्यालाच का नाही विचारत?"

संगणकशास्त्राच्या या शाखेत याहून मूलभूत प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. स्नेह्यांकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्यांनी मठ्ठा मागितला.

स्नेह्यांचा प्रांत पायथन. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ही भाषा १९९१ साली जगापुढे ठेवली आणि आज शाळकरी पोरापासून शेअरबाजाराच्या विश्लेषकापर्यंत सगळे ती लिहितात. प्रोग्रॅम चालवायच्या आधी पायथन त्याचा बाइटकोड करतं. बाइटकोड म्हणजे बारीकसारीक सूचनांची लांबलचक यादी: हे उचल, ते उचल, बेरीज कर, खोटं निघालं तर अमुक ठिकाणी उडी मार. ही यादी दरवेळी नव्याने करावी लागू नये म्हणून ती पीवायसी नावाच्या फाइलीत साठवून ठेवतात. माणसाने लिहिलेली ती पीवाय, यंत्राने दळलेली ती पीवायसी. डिकंपायलरचं काम म्हणजे पीठ बघून गहू सांगायचा. आता गिरणीगिरणीत फरक असतो. सी भाषेचा कंपायलर मैदा काढतो, त्यात व्हेरिएबलांची नावंसुद्धा हाताला लागत नाहीत. पायथनची गिरणी भरड दळते. फंक्शनांची नावं, व्हेरिएबलांची नावं, मजकुराच्या ओळी असं बरंच काही चाळणीवर उरतं. म्हणून पायथनचं डिकंपायलर लिहिणं सोपं, असा एक समज आहे. तो मुख्यतः न लिहिलेल्यांमध्ये आढळतो.

जे उरत नाही तेही बघण्यासारखं आहे. सगळ्यांत आधी जातात कॉमेंट्स. 'हे का चालतं ते कळत नाही, पण कृपया काढू नका' ही कुठल्याही ऑफिसातली सर्वांत मौल्यवान माहिती यंत्राला निरुपयोगी वाटते. मग जातो लेखकाचा चांगुलपणा. दिवसाचे सेकंद किती हे पुढच्या माणसाला चटकन कळावं म्हणून एखाद्याने '२४ गुणिले ६० गुणिले ६०' असं मुद्दाम फोडून लिहिलेलं असतं. कंपायलर तो गुणाकार जागच्या जागी उरकून ८६४०० ठेवून देतो. 'पाऊस असेल आणि छत्री नसेल तर' ही एक अट, आणि 'पाऊस असेल तर. त्याच्या पोटात, छत्री नसेल तर' या दोन अटी. दळून झाल्यावर दोन्हींचा बाइटकोड एकच. मूळ लेखकाने यांतलं काय लिहिलं होतं हे फक्त तोच सांगू शकतो, आणि मावशींचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तेव्हा डिकंपायलर जो प्रोग्रॅम देतो तो मूळ प्रोग्रॅमसारखा वागतो. तो दिसायलाही तसाच असेल, असं वचन कुणी दिलेलं नाही. तरीही "माझ्या कोडात दोन इफ होते, तुम्ही एकच दिलात" अशी तक्रार घेऊन माणसं येतात. ज्याला दोन इफ होते हे आठवतं, त्याला ते कुठे ठेवले हे आठवू नये, हे एक आश्चर्यच.

येणाऱ्या माणसांचे प्रकार ठरलेले आहेत. पहिला प्रकार सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, हरवलेल्यांचा. लॅपटॉप चोरीला गेला, हार्ड डिस्क बसली, किंवा जागा कमी पडत होती म्हणून नको त्या फाइली पुसल्या आणि त्याच नेमक्या हव्या निघाल्या. ही मंडळी कुणी न विचारता "सोर्स माझाच आहे हो" असं दोनदा सांगतात. दुसरा प्रकार कंपन्यांचा. प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला, सर्व्हरवर पीवायसी तेवढ्या राहिल्या, सगळ्यांचे पगार त्यांतूनच निघतात आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती होत नाही. तिसरा प्रकार सुरक्षातज्ज्ञांचा. व्हायरस लिहिणारेही हल्ली पायथनमध्ये लिहितात आणि पायइन्स्टॉलर वापरून त्याची सुटसुटीत एक्झी फाइल करून पाठवतात. ती फोडली की आत पीवायसी सापडतात. हे तज्ज्ञ नेमकं बोलतात, आभार मानतात, आणि असली सभ्य माणसं भेटण्यासाठी जगात थोडे बदमाश असायला हरकत नाही, असं स्नेह्यांना अधूनमधून वाटतं. चौथा प्रकार म्हणजे ज्यांना दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधली लायसन्स तपासणारी ओळ तेवढी बघायची असते. हे प्रत्येक वेळी 'फक्त शिकण्यासाठी' असं लिहितात. ज्ञानाची एवढी तळमळ कॉलेजात असताना दाखवली असती तर लायसन्स विकत घेण्याइतके पैसे एव्हाना नक्की जमले असते.

या चौघांत एक गोष्ट समान आहे. व्हर्जन कुणीच सांगत नाही.

"चालत नाही."

"काय चालत नाही?"

"तुमचं डिकंपायलर."

"फाइल कोणत्या पायथनची आहे?"

"लेटेस्ट."

'लेटेस्ट' म्हणजे त्या माणसाने शेवटचं पायथन बसवलं तेव्हाचं. ते साल कुठलंही असू शकतं.

सुदैवाने फाइल स्वतः खोटं बोलत नाही. प्रत्येक पीवायसीच्या सुरुवातीच्या दोन बाइट्समध्ये एक आकडा असतो, त्याला मॅजिक नंबर म्हणतात. २.७ चा ६२२११, ३.६ चा ३३७९, ३.८ चा ३४१३, ३.११ चा ३४९५. या आकड्यांनाही इतिहास आहे. २.० चा आकडा होता ५०८२३ आणि २.१ चा ६०२०२. या चक्क तारखा आहेत. सालातून १९९५ वजा करायचे, त्यापुढे महिना लिहायचा, त्यापुढे दिवस. म्हणजे २३ ऑगस्ट २००० आणि २ फेब्रुवारी २००१. योजना देखणी होती. पण दोन बाइट्समध्ये ६५५३५ च्या वरचा आकडा मावत नाही, आणि २००२ उजाडल्याबरोबर आकडा सत्तर हजारांवर जाणार होता. वाय-टू-के टळलं म्हणून सगळं जग कपाळावरचा घाम पुसत होतं, तेव्हा पायथनच्या घरात दोन वर्षांनी बंद पडणारी तारीख सुखाने नांदत होती. ती वेळेत बदलली. पुढे पायथन ३ ने ३००० पासून नवी मोजणी सुरू केली. तरी ३.५ च्या मालिकेत मधेच ३३५० चा ३३५१ झाला, कारण एका सूचनेतली चूक निस्तरायची होती. म्हणजे नुसतं '३.५' सांगूनही भागत नाही, पुढच्या टिंबानंतरचा आकडाही सांगावा लागतो. शिवाय या मॅजिक नंबरनंतर खरा मजकूर कुठे सुरू होतो, हेही ठरलेलं नाही: आधी आठ बाइट्सनंतर, ३.३ पासून बारानंतर, ३.७ पासून सोळानंतर. फाइलीचा उंबरठा ओलांडायलाच तीन पद्धती, आणि आत शिरल्यावरची कथा वेगळीच.

पूर्वी पायथनचं नवं व्हर्जन साधारण दीड वर्षाने येत असे. ३.९ पासून ठरलं की दरवर्षी ऑक्टोबरात यायचं. २०२० च्या ऑक्टोबरात ३.९, २०२१ च्या ३.१०, आणि असं करत २०२५ च्या ऑक्टोबरात ३.१४. महाराष्ट्रात पाऊस ओसरून अंगाची लाही व्हायला लागते त्याच महिन्यात. नव्या व्हर्जनबरोबर 'नवीन काय' असा एक सविस्तर लेख येतो. सगळं जग तो वरून वाचतं आणि खूश होतं. स्नेही तो खालून वाचतात. बराच खाली 'बाइटकोडमधील बदल' असा एक विभाग असतो. कोणती सूचना आली, कोणती गेली, कोणती तीच राहिली पण आता वेगळं काही करते, हे तिथे लिहिलेलं असतं. तो विभाग उघडताना स्नेह्यांचा चेहरा बोर्डाचा निकाल बघणाऱ्या मुलासारखा होतो, असं वहिनी सांगतात.

पायथनच्या मंडळींचा यात काही दोष नाही. बाइटकोड ही आमची अंतर्गत बाब आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये तो तसाच राहील याची हमी नाही, असं त्यांनी डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे. अंतर्गत म्हणूनच त्यांना तो हवा तेव्हा सुधारता येतो. अडचण एवढीच, की दुसऱ्याच्या अंतर्गत बाबीवर ज्याची सगळी मेहनत उभी आहे, त्याला कुणी विचारायला येत नाही.

उदाहरणादाखल उड्यांचं घ्या. ३.७ पर्यंत बाइटकोडमध्ये 'इथून लूप सुरू होतो' आणि 'इथे लूप तोडा' अशा स्वतंत्र सूचना होत्या. डिकंपायलरला त्या दिसल्या की व्हाइल कुठे आणि ब्रेक कुठे हे आपोआप कळायचं. ३.८ मध्ये त्या काढून टाकल्या. त्यांच्यावाचून काम चालत होतं. आता लूप तोडणं, लूपच्या पुढच्या फेरीला जाणं, इफ संपणं, सगळ्याची एकच खूण: उडी. कोण कुठून उडी मारतंय आणि का मारतंय, हे दिशेवरून आणि अंतरावरून ताडायचं. त्यात ३.६ ने प्रत्येक सूचना दोन बाइट्सची केली. त्याआधी त्या एक किंवा तीन बाइट्सच्या असत. मग ३.१० मध्ये उडीचं अंतर बाइट्सऐवजी सूचनांमध्ये मोजायचं ठरलं. तोच आकडा, पण आता दुप्पट लांब. ज्याने हे वाचलं नव्हतं त्याचं डिकंपायलर प्रत्येक उडीला निम्म्या वाटेतच उतरत होतं.

'फायनली'ची कहाणी याहून करुण आहे. फायनली म्हणजे काही झालं तरी, एरर आला तरी, मधूनच परत फिरलात तरी, शेवटी हे केल्याशिवाय जायचं नाही. घरातून निघताना गॅस बंद केला का ते बघायचं, तसं. ३.७ पर्यंत या भागाची एकच प्रत असे. ३.८ मध्ये त्यासाठी खास नव्या सूचना आल्या आणि फायनलीचा भाग जागोजागी बोलावता येऊ लागला. स्नेह्यांनी त्या सूचना समजून घेतल्या, नियम लिहिले, जुन्या-नव्या फाइलींवर ताडून बघितले, समाधानाने पाठ टेकली. ऑक्टोबर २०२० आला. ३.९ मध्ये त्या सूचना काढून टाकल्या होत्या. आता फायनलीतला कोड बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर नव्याने उतरवला जातो. डिकंपायलरला तोच मजकूर दोनतीन ठिकाणी दिसतो आणि ठरवावं लागतं, की लेखकाने तो फायनलीत एकदाच लिहिला होता की उत्साहाच्या भरात तीनदा चिकटवला होता. पायथन लिहिणाऱ्यांत दोन्ही जातीची माणसं मुबलक आहेत.

मग आलं ३.११. सरासरी सव्वापट वेग मिळाला म्हणून जगाने डोक्यावर घेतलेलं व्हर्जन. त्या वेगाच्या मागे सुंदर विचार आहे: बहुतेक वेळा एरर येतच नाही, मग प्रत्येक ट्रायला, म्हणजे जिथे एरर येऊ शकतो अशा भागाला, 'सावध राहा' अशी सूचना वेळ घालवून का द्यायची? म्हणून ट्रायच्या सूचनाच यादीतून काढल्या आणि कुठून कुठपर्यंत कुणी सावध राहायचं याचं वेगळं कोष्टक फाइलीच्या पोटात ठेवलं. एरर आलाच तर ते उघडायचं. वापरणाऱ्याला ट्राय जवळजवळ फुकट पडला. स्नेह्यांना मात्र यादी वाचताना ट्राय कुठेच दिसेना. शिवाय बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांच्या वेगवेगळ्या सूचना जाऊन सगळ्यांची मिळून एक झाली आणि सूचनांच्या मधे कॅश नावाच्या रिकाम्या जागा दिसू लागल्या. प्रोग्रॅम चालू असताना पायथन त्यांत स्वतःच्या वेगासाठी टिपणं ठेवतं. फाइलीत त्या रिकाम्याच असतात. प्रीकॉल नावाची एक सूचनाही त्याच वर्षी आली. ३.१२ मध्ये ती गेली. एवढ्या अल्पायुषी सूचनेसाठीही डिकंपायलरमध्ये कायमची ओळ ठेवावी लागते, कारण त्या वर्षभरात कुणी ना कुणी फाइल बनवलेलीच असते. ३.१२ ने जाताजाता आणखी एक केलं. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन पूर्वी वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये, नावाची पाटी लावून बसलेलं असे. आता ते मुख्य फंक्शनात मिसळून टाकलं. वेग वाढला. पाटी गेली.

नवं आलं म्हणून जुनं रजा घेतं, असं इथे होत नाही. पायथन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. ज्यांनी तो संपवला त्यांना त्या दिवसापासून पायथन २ विसरायची मोकळीक मिळाली. २.७ च्या फाइली मात्र सर्व्हरांवर जिथे होत्या तिथेच राहिल्या, आणि त्यांचा सोर्स हरवणं २०२० नंतरही पूर्वीच्याच वेगाने चालू आहे. पायथन २ मध्ये प्रिंट ही आज्ञा होती, ३ मध्ये ते फंक्शन झालं. २ मध्ये एक भागिले दोनचं उत्तर शून्य येतं, ३ मध्ये अर्धा. तेव्हा डिकंपायलरने दिलेला कोड कोणत्या पायथनवर चालवायचा हेही सांगावं लागतं, नाहीतर पगाराच्या हिशेबात अर्धा रुपया इकडचा तिकडे होतो आणि दोष डिकंपायलरवर येतो.

या सगळ्यावर कळस म्हणजे 'एक्सेप्ट' आणि स्वल्पविराम. पायथन २ मध्ये 'एक्सेप्ट अमुक, तमुक' याचा अर्थ होता, अमुक प्रकारचा एरर पकड आणि त्याला तमुक असं नाव दे. ३.० पासून ३.१३ पर्यंत हे लिहिलंत तर पायथन वाक्यच नाकारायचं. ३.१४ मध्ये ते पुन्हा चालू झालं, पण अर्थ आता असा, की अमुक आणि तमुक असे दोन्ही प्रकारचे एरर पकड. एकच ओळ: आधी एक अर्थ, मग जवळजवळ सतरा वर्षं गुन्हा, मग दुसराच अर्थ. भाषा शिकणाऱ्याला हे कळण्याची गरज नाही, तो आपल्या व्हर्जनमध्ये सुखी असतो. तिन्ही काळ एकाच वेळी डोक्यात बाळगावे लागतात ते डिकंपायलर सांभाळणाऱ्याला.

हे बाळगायचं कसं, याची एक युक्ती जॉन आयकॉक यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वापरली. बाइटकोड हीच एक भाषा आहे असं मानायचं, तिचं व्याकरण लिहायचं आणि त्या व्याकरणाने सूचनांची यादी वाक्यासारखी सोडवायची. त्यासाठी जे अर्ली यांची १९७० च्या सुमाराची पद्धत वापरतात. एका वाक्याचे दोन अर्थ निघत असले तरी ती पद्धत डगमगत नाही, दोन्ही पुढे ठेवते. निवडायचं काम तुमचं. याच घराण्यातलं अनकंपाइल-सिक्स हे साधन रॉकी बर्नस्टीन यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, पायथन १.० पासून ३.८ पर्यंतचा बाइटकोड ते वाचतं. दोन तपांहून अधिक काळातली प्रत्येक लहर एका प्रोग्रॅममध्ये नोंदवलेली. प्रत्येक व्हर्जनचं व्याकरण आधीच्या व्हर्जनवरून घ्यायचं, बदललं असेल तेवढं खोडायचं, नवं असेल तेवढं जोडायचं. ऐकायला नीटनेटकं वाटतं. प्रत्यक्षात ३.७ मधला एक एल्स सरळ केला की २.६ मधला एक व्हाइल वाकडा होतो. तो सरळ केला की ३.४ मधून ओरड येते.

म्हणून तपासणी अखंड चालते. पायथनबरोबर येणाऱ्या लायब्ररीतल्या फाइली घ्यायच्या, प्रत्येक व्हर्जनने कंपाइल करायच्या, डिकंपाइल करायच्या, निघालेला कोड पुन्हा कंपाइल करायचा आणि पहिला बाइटकोड दुसऱ्याशी ताडायचा. यासाठी सगळी जुनी पायथनं एका मशीनवर बसवावी लागतात, आणि जुनं पायथन नव्या मशीनवर बसवायला गेलं की नवी ओपनएसएसएल लायब्ररी त्याला ओळख दाखवत नाही. शिवाय साधन जुन्या पायथनवरही चालायला हवं. मजकुरात थेट व्हेरिएबल गुंफायची एफ-स्ट्रिंग ही सोय ३.६ मध्ये आली. लोकांच्या मोडलेल्या एफ-स्ट्रिंग जोडून देणारा हा माणूस स्वतःच्या कोडात एफ-स्ट्रिंग लिहू शकत नाही.

"तुम्ही जावा का नाही घेतलंत?" असं ऑफिसातले सहकारी विचारतात. त्यांचंही बरोबर आहे. जावाचा बाइटकोड हा जाहीर करार आहे. १९९६ साली ठरलेल्या त्याच्या सूचनांमध्ये आजवर एकाच नव्या सूचनेची भर पडली, तीही २०११ मध्ये. पण तिथेही सुख नाही. सूचना त्याच राहिल्या तरी त्या वापरायची कंपायलरची रीत बदलते: दोन वाक्यं जोडायची साधी क्रिया जावा ९ पासून वेगळ्याच पद्धतीने दळली जाते. आणि जावाच्या जगात एक मासलेवाईक गोष्ट घडून गेलेली आहे. जॅड नावाचं फुकट मिळणारं आणि अतिशय लोकप्रिय डिकंपायलर होतं. त्याच्या लेखकाने त्याचा सोर्स कधी खुला केला नाही. लेखक थांबला आणि भाषा पुढे गेली. हजारो लोकांना सोर्स मिळवून देणाऱ्या साधनाचाच सोर्स लेखकाखेरीज कुणाकडे नव्हता, आणि ते लिहिलेलं होतं सी प्लस प्लसमध्ये, म्हणजे मैद्यात.

काही जण तर मुद्दाम वाट अडवतात. ड्रॉपबॉक्सचा प्रोग्रॅम पायथनमध्ये होता. बाहेरच्यांनी आत डोकावू नये म्हणून त्यांनी बाइटकोड कुलूपबंद केला आणि सूचनांचे क्रमांकही आपसांत बदलून टाकले. म्हणजे पायथनचंच एक खासगी व्हर्जन, जे कुठल्याच ऑक्टोबरात जाहीर झालेलं नाही. दोन संशोधकांनी २०१३ साली यूसेनिक्सच्या एका कार्यशाळेत ते कसं उलगडलं हे सविस्तर मांडलं. स्नेह्यांनी तो निबंध इतरांनी कादंबरी वाचावी तसा एका बैठकीत संपवला.

हल्ली एक नवा सल्ला मिळतो: हे सगळं एआयला द्या. स्नेह्यांनी दिलं. परत आलेला कोड अप्रतिम होता. नावं अर्थपूर्ण, रचना सुबक, वर प्रत्येक फंक्शनला समजुतीच्या कॉमेंट्स, ज्या मूळ लेखकाने जन्मात लिहिल्या नसत्या. कंपाइल करून ताडून बघितला तेव्हा एक अट उलटी निघाली. जुनं डिकंपायलर अडलं की अडलो म्हणून सांगतं. पायसीडीसी नावाचं एक साधन तर 'काम अपूर्ण' अशी कॉमेंट कोडातच टाकून मोकळं होतं. सगळ्या कॉमेंट्स हरवलेल्या फाइलीत ही एक नवी आणि तीही प्रामाणिक. यंत्राने चुकीचं पण गोड बोलण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

माझं मत विचाराल तर भाषेने बदलायलाच हवं. वेगवान पायथनचा फायदा कोट्यवधींना होतो, आणि एका माणसाच्या झोपेसाठी तो अडवून धरणं योग्य नाही. पण प्रत्येक सुधारणेबरोबर मागचं विसरण्याची जी सवलत सगळ्यांना मिळते, ती एकाला मिळत नाही. सगळ्यांच्या वतीने लक्षात ठेवण्याचं काम तो करतो, बिनपगारी करतो, आणि तो ते करतो हे फक्त काहीतरी हरवलेल्यालाच कळतं. त्याचे आभार मानायला हरवण्याची वाट बघू नये, असं मला वाटतं.

तेव्हा वाचकहो, दोन विनंत्या. सोर्सची प्रत ठेवा, आणि ती त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. आणि कधी वेळ आलीच, तर मदत मागताना पहिल्या ओळीत व्हर्जन लिहा, पुढच्या टिंबानंतरच्या आकड्यासकट. 'लेटेस्ट' नावाचं व्हर्जन पायथनने आजवर काढलेलं नाही.